शालूबाईनं गिळलेल्या तीन खुणा

भावकू बोलायला लागला की आधी घसा खाकरतो, मग करंगळी कानात घालून एक गिरकी मारतो आणि मग म्हणतो, "म्हंजे कसं हाय बघा." त्यापुढं जे येतं त्यात कसं हाय ते कधीच नसतं, भावकूला कसं पाहिजे ते असतं. शहापूरच्या त्या गल्लीत ही लकब पोरासोरांनाही येते. पण नऊ वर्षांपूर्वी तो एकदा जे बोलला, ते खाकरण्यासकट, करंगळीसकट, एक अक्षर इकडचं तिकडं न होऊ देता सांभाळून ठेवलेलं माणूस एकच. त्याची थोरली वहिनी, शालूबाई.

ते बोलणं महादेवच्या तेराव्याचं. महादेव म्हणजे शालूबाईचा नवरा, बाशिंगवाला महादेव. पंगत उठली होती, पाहुणे पान लावत बसले होते, होनगाळी गावचे पंचही आले होते. तेवढ्यात भावकूनं घसा खाकरला.

"म्हंजे कसं हाय बघा. बाशिंग ह्यो लग्नाचा जिन्नस. कुंकू पुसल्याली बाई त्याला हात लावणार, आणि त्येच कुणाच्या तरी लेकीच्या कपाळाला बांधायचं. गिऱ्हाईक न्हाय म्हणंल की. तवा ती सुरी माझ्याकडं द्या, वैनी. तुम्ही आता निवांत बसा."

कुणी 'असं कसं रं' म्हटलं नाही. होनगाळीच्या पंचांतले थोरले सुबराव अण्णा सुपारी कातरत होते, त्यांनी मान वर न करता "बरोबर. हाय," म्हटलं. भिंतीतल्या खुंटीवरची सुरी भावकूनं स्वतःच काढून घेतली. हातभर लांब, पातळ पात्याची, मूठ झिजून बोटांच्या खाचा पडलेली. ती ना महादेवची होती ना त्याच्या बापाची. शालूबाईच्या आईनं लेकीला लग्नात दिली होती. पण त्या दिवशी हे बोलायला शालूबाईच्या तोंडात जीभ नव्हती.

निवांत बसायचं तर सोडाच. पंधराव्या दिवशी वडगावात खोली घेऊन ती तिथल्याच एका पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. सहा मागांच्या खडखडाटात शेजारच्या बाईचं बोलणं तिसरीला ऐकू येत नाही. शालूबाईला तेच बरं पडलं. ती कांडी भरता भरता भावकूचं ते बोलणं भावकूच्याच आवाजात म्हणायची. पहिल्या वर्षी म्हणताना रडू यायचं. दुसऱ्या वर्षी दातओठ खायची. तिसऱ्या वर्षापासून ते इतकं हुबेहूब जमायला लागलं, की एकदा मध्येच वीज गेली, माग थांबले, आणि पलीकडची बाई गडबडीनं डोक्यावर पदर ओढून म्हणाली, "अगं बाई, तुझं दीर आलंत की."

आता ही शालूबाई मुळात कोण, ते सांगायला हवं. कारण शहापुरात तिला महादेवची बायको म्हणून ओळखत होते, आणि खरं तर महादेवला शालूबाईचा नवरा म्हणायला पाहिजे होतं.

तिचं माहेर निपाणीकडचं. आई यल्लव्वा भेंड काढायची. बाशिंगाचा तो पांढराशुभ्र, कापसासारखा हलका गाभा असतो ना, जो कागदासारखा पातळ तासून त्याची फुलं, पोपट, तुरे करतात, तेच भेंड. पुष्कळांना वाटतं ते दुकानात मिळतं. ते तळ्यात मिळतं. ते एक रानटी झाड आहे, पाण्यात उभं राहणारं, पुरुषभर उंच, चिंचेसारख्या बारीक पानांचं, आणि पावसाळा सरला की पिवळ्या फुलांनी भरणारं. यल्लव्वानं लेकीच्या कमरेला दोर बांधून तिला सातव्या वर्षी पाण्यात सोडली. दोराचं दुसरं टोक काठावर स्वतःच्या पायाखाली.

"फूल बघू नगंस," ती काठावरून ओरडायची. "फूल काय, त्येच्या सवतीला बी तसलंच येतंय."

भेंडाला सवत आहे. पान तेच, फूल तेच, पावट्याच्या फुलाच्या घडणीचं, पिवळं. भातखाचरांच्या बांधाला आणि तळ्याच्या चिखलट कडेला ती माजते. यल्लव्वानं लेकीला सात खुणा घोकवल्या होत्या. फूल पिवळं. पान बोट लावलं की सावकाश मिटतं. जागा ओली. ओला बुंधा नखानं दाबला की नख रुततं. या चार खुणा खऱ्या भेंडाला लागू पडतात आणि सवतीलाही लागू पडतात, कारण सवतही पाण्यात राहिली की बुंध्याशी पांढरं, मऊ सूज आल्यासारखं अंग धरते. उरलेल्या तीन खुणांनी निवाडा होतो. एक, खरं भेंड कमरेइतक्या उभ्या पाण्यात असतं. कडेला चप्पल घालून मिळेल ते भेंड नव्हे. दोन, खऱ्याच्या शेंगेला मधोमध पुटकुळ्या असतात, बोट फिरवलं की खरखर लागते. सवतीची शेंग गुळगुळीत. तीन, आडवं कापलं की खरं भेंड या सालीपासून त्या सालीपर्यंत पांढरं, खोबऱ्यासारखं. सवतीच्या पोटात लाकूड. वरचं मऊ अंग वाळलं की आक्रसून जातं आणि आतली काठी तेवढी राहते.

लग्न होऊन शालूबाई शहापुरात आली. महादेव माणूस गोड, बेगड चिकटवण्यात आणि रंगात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पाण्याची त्याला भीती. बादलीत सुद्धा वाकून बघायचा नाही. तळ्यात उतरायची ती. कापायची ती, वाळवायची ती, तासायची ती. भावकू दुकानात बसून तयार बाशिंगं विकायचा, त्यामुळं त्यानं भेंड बघितलं ते कायम सोललेलं, पांढरं, घरात आलेलं. होनगाळीच्या लक्ष्मीची यात्रा अठरा वर्षांनी एकदा भरते आणि यात्रेत देवीचं लग्न लागतं. मागच्या यात्रेला देवीचं बाशिंग याच घरातून गेलं. महादेवला फेटा बांधला, नारळ दिला, सुबराव अण्णा म्हणाले, "हात. हाय. बाबा." शालूबाई मागं उभी होती. जळवा चावून नडग्या सुजल्या होत्या, आणि लुगडं थोडं खाली ओढून ती त्या झाकत होती.

महादेव गेल्यावर भावकूनं भेंडाचा नादच सोडला. थर्माकोलची पाटी आणली, तारेनं कापली, वर चमकी मारली. झालं बाशिंग. सुरी दुकानात काउंटरखाली पडून. त्या सुरीनं भावकू पार्सलच्या सुतळ्या कापायचा.

आणि औंदा होनगाळीची यात्रा उभी राहिली.

देवळात बैठक बसली. भावकू नमुना घेऊन गेला, थर्माकोलचा, दोन हात उंच, आत बारके बल्ब लुकलुकणारे. सुबराव अण्णा बोलतात तेव्हा प्रत्येक शब्दाला आधी खुर्ची देऊन बसवतात, मगच पुढचा बोलावतात.

"भावकू. परवा. माझ्या घरात. फ्रीज आला. त्याच्याभोवती. असलंच. पांढरं. हुतं."

"व्हय अण्णा."

"ते आम्ही. उकिरड्यावर. टाकलं."

बैठक हसली. भावकूची करंगळी कानात गेली. "म्हंजे कसं हाय बघा, अण्णा, ह्यो नुसता नमुना. देवीला खरं भेंडच घालणार की. आमच्या घराण्याचा मान हाय त्यो. भेंड मी सवता काढणार, माझ्या हातानं."

बोलून बसला. घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की भेंड कुठं असतं ते सोडा, उभं कसं दिसतं ते सुद्धा आपल्याला माहीत नाही. वहिनीला विचारावं तर तोंड कुठलं. म्हणून त्यानं बायकोला धाडलं.

बाळाबाई, म्हणजे शालूबाईची धाकटी जाऊ, बोलते तेव्हा वाक्य शेवटाला वर उडवते, पतंगासारखं. हातात शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा.

"आक्काऽ, बरं हाय न्हवं? लई वाळलासा की ओ. मी म्हटलं, जाऊन तरी यावं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा जाऊन तरी यावं वाटलं होतं. शालूबाईनं डबा घेतला, पोळी मोडून खाल्ली, चांगली होती.

"आक्का, त्ये भेंड असतंय न्हवं, त्ये वळखायचं कसं म्हणे? मला आपलं सहज."

शालूबाईनं पोळीचा दुसरा तुकडा मोडला. यात्रेची बैठक, फ्रीज, उकिरडा, सगळं तिला बैठक उठायच्या आधीच कळलं होतं. वडगावच्या मागावर होनगाळीच्या दोन बाया कामाला होत्या. घास गिळेपर्यंत तिनं ठरवलं. खोटं एक अक्षर सांगायचं नाही.

"पिवळं फूल असतंय. पावट्याच्या फुलागत. पान चिंचंसारखं, बोट लावलं की हळूहळू मिटतंय. वलीत असतंय, पाण्याकडंला. आणि बुंध्याला नख लावून बघायचं. रुतलं पायजे."

बाळाबाई बोटांवर मोजत होती. "पिवळं. मिटतंय. वल. नख. एवढंच व्हय?"

"पोळीत येलदोडे घातलीस काय गं? झकास झाल्या."

"व्हय आक्काऽ," बाळाबाई खुलली, आणि बाकीचा अर्धा तास येलदोड्यातच गेला.

दिवाळीचा पाडवा झाला की तिसऱ्या दिवशी भेंड काढायचं, हा रिवाज. शालूबाई खासबागच्या नाक्यावरून पहिली बस धरून सांबऱ्याकडं गेली. खांद्यावर विळा, दोर आणि ट्रॅक्टरच्या चाकातली हवा भरलेली ट्यूब. कंडक्टरनं ट्यूबचं अर्धं तिकीट मागितलं, तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं स्वतःचंच पाकीट चाचपलं.

जोगणीचं तळं सांबऱ्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, जिथं विमानं उतरताना पोट दाखवत जातात. एका अंगाला भातखाचरं तळ्यापर्यंत आलेली. दुसऱ्या अंगाला खोल पाणी, कमळाची पानं, पाणकोंबड्यांची कुजबुज, आणि मधोमध भेंडाचं बेट. पिवळं धमक. शालूबाई ट्यूब पुढं ढकलत छातीभर पाण्यात गेली. वरच्या शेंगांवर बोट फिरवलं. खरखर. नऊ वर्षांनी तिला स्वतःच्याच घराच्या दाराची कडी हाताला लागल्यासारखं वाटलं. एक बुंधा आडवा कापला. पांढरा, काठोकाठ.

तिनं पंधराएक बुंधे कापले असतील नसतील, तेवढ्यात खाचरांच्या बांधावर स्कूटर येऊन थांबली. भावकू. देवीचं भेंड याच तळ्यातलं, एवढं होनगाळीत कुणीही सांगतं. पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर टॉवेल, हातात फोन. शालूबाई हनुवटीपर्यंत पाण्यात बसली आणि एक कमळाचं पान डोक्यावर ओढून घेतलं.

बांधाकडंला सवत मस्त फुलली होती. भावकू तिच्यापुढं उभा राहिला, लग्न ठरवायला गेलेल्या सोयऱ्यासारखा. पानाला बोट लावलं आणि वाट बघितली. मिटलं. बुंध्याला नख लावलं. रुतलं. मग फूल पुढून, फूल बाजूनं, फूल आणि स्वतः असे फोटो काढले. आणि फोन लावला.

"अण्णा, नमस्कार. भेंड गावलं. फोटू काढून फोनला इचारलं, फोननं नाव बी सांगितलं. इंग्लिश नाव हाय, लई लांबडं, एस्की... एस्किमो... म्हंजे कसं हाय बघा, भेंडच हाय."

फोन स्पीकरवर होता. पाण्यावरून आवाज स्वच्छ आला. "फोननं. ओळखलं?"

"मग. त्यो काय चुकतोय व्हय."

फोनचाही दोष नव्हता. भेंड आणि सवत एकाच कुळातल्या, आडनाव एकच. फोनला फूल दाखवलं, त्यानं फुलापुरतं सांगितलं. पाण्यात पाय घालायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता एक हाक पुरली असती. दोनशे पावलांवर तर होता. "भावजी, तिथं न्हवं, हिथं." शालूबाईच्या पोटरीला जळू लागली होती आणि ती तिचं तिचं पीत होती. शालूबाई मनात म्हणाली, लक्ष्मीआई, तुझं कपाळ मी उघडं पडू देणार न्हाय. ह्याचं तेवढं पडू दे. आणि तोंड मिटलं.

भावकूनं दोन भारे कापले. चिखलात एकदा बसकण मारली. एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली ती शेवटपर्यंत दिली नाही. कमळाच्या पानाखाली शालूबाईनं हसू दाबलं ते इतकं, की नाकात पाणी गेलं. तो गेल्यावर तिनं उरलेले बुंधे कापले, चाळीस भरले, ट्यूबवर बांधले, आणि काठावर येऊन पोटरीवरची जळू मिठानं सोडवली.

पुढचा रिवाज भावकूच्या मुळावर आला. देवीच्या बाशिंगाचं भेंड काढलं की ते देवीच्या जुन्या पातळात गुंडाळायचं, पाच मानकऱ्यांनी पाच गाठी मारायच्या आणि देवळाच्या आढ्याला वाऱ्यावर टांगायचं. लग्नाला पाच दिवस उरले की त्याच पाच हातांनी सोडायचं. तोवर कुणी बघायचं नाही, नवरीचं लुगडं आधी बघत नाहीत तसं. भावकूचे दोन भारे ओले, जाडजूड, झोकात वर गेले. शालूबाईचे चाळीस वडगावात तिच्या खोलीच्या माळ्यावर. रोज संध्याकाळी ती एकेक फिरवून ठेवायची. पौषात ते हलके झाले, माघात उचलताना हात आपोआप वर जायला लागला, इतके हलके. ती मागावर जात होती, भावकूच्या आवाजात ते बोलणं म्हणत होती. फक्त आता म्हणताना चेहरा वेगळा असायचा. पलीकडची बाई म्हणाली, "दिरावर लई माया आलीया तुझी."

वैशाखात गाठी सुटल्या. सगळं गाव देवळात, बायका एका अंगाला, शालूबाई त्यांच्यात मागं. भावकू नव्या धोतरात, पुढ्यात सुरी. शालूबाईनं पहिल्यांदा माणसांकडं बघितलंच नाही, सुरीकडं बघितलं. पात्याला गंज होता.

पातळ उलगडलं. आत काटक्या होत्या. तपकिरी, सुरकुतलेल्या, भिजून वाळलेल्या जुन्या बुटाच्या कातड्यासारखं साल त्यांना चिकटलेलं. भावकूनं एक उचलली आणि सुरी लावली. टक्. परत लावली. टक्. तिसऱ्यांदा जोर केला तेव्हा साल भुगा होऊन त्याच्या धोतरावर पडलं आणि हातात चूल पेटवायच्या लायकीची काठी राहिली.

बायकांत कुणीतरी म्हणालं, "ह्येचं बाशिंग व्हय? म्हशीला हाकायला बरं हाय."

"म्हंजे कसं हाय बघा," भावकू म्हणाला. "औंदा पाऊस..."

"पाऊस," सुबराव अण्णा म्हणाले. "भेंडात. लाकूड. घालतोय?"

भावकूची करंगळी कानात जाऊन अडकली. तेवढ्यात बाळाबाई, नवऱ्याला सावरायला म्हणून, बोलून गेली. "आक्कांनी सांगितल्याल्या खुणा बघूनच काढलंत की ओऽ."

सगळ्या माना मागं वळल्या. भावकूला आधार सापडला. "बघा. हिनं फसवलं. देवीच्या कामात फसवलं."

शालूबाई उठली. पदर खोचला. बायकांनी वाट दिली. ती पुढं येऊन उभी राहिली ती सुबराव अण्णांच्या समोर.

"बाळा, मी काय सांगितलं त्ये सांग."

बाळाबाईनं घाबरत बोटं मोजली. पिवळं. मिटतंय. वल. नख.

"ह्यात खोटं काय हाय?"

बाळाबाईनं मोजलेली चार बोटं तशीच वर धरली.

"खुणा सात हायत," शालूबाई म्हणाली. "चार सांगितल्या. तीन गिळल्या."

"का?" सुबराव अण्णांनी विचारलं.

शालूबाईनं घसा खाकरला. उजव्या हाताची करंगळी कानात घातली, एक गिरकी मारली. आणि बायकांच्या पहिल्या ओळीत लगेच खुसखुस सुरू झाली.

"म्हंजे कसं हाय बघा," ती भावकूच्या आवाजात म्हणाली. "बाशिंग ह्यो लग्नाचा जिन्नस. कुंकू पुसल्याली बाई त्याला हात लावणार..." सगळं म्हटलं, 'निवांत बसा'पर्यंत. भावकूचं ते नाकातलं 'की', श्वास घ्यायची जागा, सगळं. खुसखुशीचं खिदळणं झालं. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "अगं, दोन भावकू झालं गं." आणि खरा भावकू समोर उभा, त्याची करंगळी अजून कानात. मग शालूबाईनं मान खाली घातली, हवेत सुपारी कातरली आणि सुबराव अण्णांच्या आवाजात, दोन शब्दांना दोन खुर्च्या देऊन म्हणाली, "बरोबर. हाय."

हसणं थांबलं. अण्णांचे कान लाल झाले.

"म्हणून तीन ठेवल्या माझ्यापाशी," ती आपल्या आवाजात म्हणाली. "असल्या बाईच्या तोंडच्या सगळ्याच्या सगळ्या खुणा देवीच्या कामाला कशा चालतील? माझ्या माळ्यावर चाळीस भेंडं हायत. खरी. तळं आता आटलंय, दुसरीकडं कुठं मिळायची न्हाईत. तासायचं झालं तर मी तासणार. हिथं, देवीच्या म्होरं बसून, सगळ्यांच्या देखत. माझ्या आईच्या सुरीनं."

सुबराव अण्णांनी लाल झालेल्या कानावरून हात फिरवला. "शालू. तसं न्हवं. पण. रिवाज. म्हणून..."

"बरं." ती वळली. "मग फ्रीजभोवतालचं आणा."

ती देवळाच्या पायरीपर्यंत गेली. पाय खाली टाकला. चाळीस भेंडं माळ्यावर कुजून जातील आणि देवी बल्बवाल्या पाटीत लग्नाला उभी राहील, असं चित्र तिला त्या एका पायरीवर लख्ख दिसलं. तरीही तिनं दुसरा पाय उचलला. मागून त्याच म्हातारीचा आवाज आला. "सुबराव, लक्ष्मी काय तासणाऱ्याचं कपाळ बघून लगीन लावून घेती व्हय? मागल्या यात्रंला तळ्यात कोण उतरली हुती, महादेव? त्यो तर न्हाणीत बी भ्यायचा." बायका पुन्हा हसल्या, पण आता त्या हसण्याला धार होती.

"शालू. थांब," अण्णा म्हणाले. आणि मग बारीक आवाजात, "माझं. तवा. चुकलं."

"अण्णा, तेराव्याला ह्याच्यापेक्षा मोठ्यानं बोललासा."

अण्णांनी मोठ्यानं सांगितलं. पाठीमागच्या भिंतीपर्यंत गेलं. भावकूनं सुरी दोन्ही हातांनी पुढं केली, पातं स्वतःकडं, मूठ तिच्याकडं. तिनं घेतली, पात्यावरचा गंज अंगठ्यानं चाचपला. बोटं आपापल्या खाचांत जाऊन बसली.

"आणि ह्यो काय करणार?" कुणीतरी भावकूकडं बोट करून विचारलं.

"घराण्याचा मान हाय त्यांचा," शालूबाई म्हणाली. "त्यांनी खळ शिजवायची."

खळ म्हणजे चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, फोडायचे, सोलायचे, दळायचे आणि मग पाण्यात मंद आचेवर ढवळत बसायचं. तासभर, आणि क्षणभर हात थांबला की गुठळी होते. धूर डोळ्यात, वास कपड्यात. या धंद्यात हे काम सगळ्यांत शेवटच्या माणसाचं असतं. महादेव असेपर्यंत ते शालूबाईनं केलं होतं.

चार दिवस ती देवळात बसली. सुरी दगडावर लावून घेतली आणि पहिलं भेंड मांडीवर आडवं धरलं, तेव्हा पातं असं गेलं जसं दुधावरच्या सायीत बोट जावं. एकसंध, पांढरी, अर्ध्या हाताची पट्टी सुटत गेली आणि बघणारे पुढं सरकून बसले. पोपट झाले, कमळं झाली, मधली शिखराची जागा झाली. गाव येऊन बघून जात होतं. जाणारा प्रत्येक जण देवळाच्या मागच्या अंगाला मांडलेल्या चुलीपाशीही डोकावत होता. तिथं भावकू बसला होता, धोतराला काजळी, डोळे लाल.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचं कमळ चिकटवायचं राहिलं. भावकूनं खळीचं पातेलं आणून तिच्यापुढं ठेवलं. पातळ, तुळतुळीत, तारेगत ओघळणारी. इतकी चांगली खळ शालूबाईनंही कधी केली नव्हती. तिनं बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, उजेडाकडं धरून बघितलं.

"भावजी," ती अगदी अदबीनं म्हणाली, "गुठळ्या राहिल्यात की ओ."

भावकूनं पातेल्यात बघितलं. तिच्याकडं बघितलं. बायका, मानकरी, सुबराव अण्णा, सगळे बघत होते. त्यानं तोंड उघडलं. घसा खाकरायला गेला, आणि तोंड तसंच मिटलं. पातेलं उचललं आणि चुलीकडं गेला.

शालूबाईनं कमळ मांडीवर ठेवलं आणि वाट बघत बसली. घाई नव्हती. लग्नाला अजून एक अख्खा दिवस होता, आणि चिंचोके पोतंभर.